डोहात मी काय पाहिलं

दादा, लोक तुझ्याबद्दल बरं बोलायला लागले आहेत, म्हणून मी लिहायला बसले.

तू असतास तर हसला असतास. ज्यांनी जिवंतपणी तुला आगलाव्या म्हटलं, बाजारात तू दिसलास की टोपलं उचलून दुसरीकडे जाऊन बसले, तेच आता आपल्या ओट्यावर येऊन म्हणतात, "सोन्यासारखा मानूस होता." काल सेवाग्रामहून माझे गुरुजी आले. भर उन्हात सायकल मारत आले. वैनीसमोर हात जोडून बसले आणि म्हणाले, "श्रावणनं वैऱ्यासाठी प्राण दिला. याहून मोठी अहिंसा कोणती?" वैनीनं पदर तोंडाशी घेतला. मी गुरुजींना पाणी दिलं. भला माणूस आहे, त्यांना तोंडावर खोटं कसं पाडू?

पण दादा, तू आणि अहिंसा! तुझ्या हाताला हे नाव कुणी दिलं असतं तर त्यालाही तू एक ठेवून दिली असतीस.

मासे मारायच्या आपल्या होडीत, त्या डोंग्यात, मी होते. जे झालं ते मी पाहिलं, आणि ज्याला गाव तुझा वैरी म्हणतं त्या नामानं भोगलं. तिसरा साक्षीदार तू, आणि तू बोलणार नाहीस. म्हणून तुलाच सांगते. तुझ्याशी मी कधी गोड बोलले नाही, आता तरी काय म्हणून बोलू?

तू मला पहिल्यांदा मारलंस ते डोंग्यातच. बाबा तापानं गेले त्या उन्हाळ्यात. डोंग्याच्या मागच्या टोकाला बांबू धरायला तुला कुणीतरी हवं होतं आणि घरात मीच होते. ढिवराच्या घरात पोरीनं डोंग्यात पाय ठेवू नये असं काकू म्हणाली. तू तिला म्हणालास, "मंग तू ये," आणि मला उचलून आत टाकलंस.

उन्हाळ्यात आपल्या नदीला स्वतःचं पाणी उरत नाही. जे येतं ते वरच्या धरणाचं. खाली पाणी सोडायचं झालं की धरणावरचा चौकीदार टांगलेला रुळाचा तुकडा बडवतो. धुणं धुणाऱ्या बाया पोरांना ओढत काठावर येतात. मग दारं उचलली जातात. रूळ वाजल्यापासून पाणी आपल्या डोहापर्यंत येईतो एक चिलीम ओढून होते, तू वेळ असाच धरायचास. लोंढ्याचं तोंड खडकाआड थांबून पुढे जाऊ द्यायचं आणि मग त्याच्या पाठीवर डोंगा सोडायचा. त्या गढूळ, गार पाण्याला सामोरे जायला तळातले मोठाले मासे वर येतात. पाणी आपल्याला खाली नेत असतं, मी मागे बांबूनं डोंगा सरळ ठेवते, तू पुढे गळाची दोरी आणि तीन दातांचा भाला घेऊन गुडघ्यावर बसलेला. गावच्या घाटापर्यंत हा खेळ.

त्या पहिल्या दिवशी लोंढा येताना कसा दिसतो ते पाहायला मी उभी राहिले. तू वल्ह्यानं माझ्या पाठीत असा हाणलास की मी डोंग्याच्या तळात तोंडावर पडले. नाकातून रक्त. मी शिवी द्यायला मान वळवली तर माझं डोकं होतं तिथून बाभळीचं अख्खं खोड सणसणत गेलं.

"पाह्यलं?" तू म्हणालास. "आता रड."

मी रडले. तू नदीचं पाणी ओंजळीत घेऊन माझं नाक धुतलंस. तुझं प्रेम असंच होतं, आधी वल्हं, मग ओंजळ.

काकानं माझं लग्न ठरवलं, तेव्हा तू पाहुण्यांची रिकामी बैलगाडी एकट्यानं उलटी केलीस. काका काठी घेऊन धावला तर त्याची काठी मांडीवर मोडलीस आणि म्हणालास, "पोट्टी शिकीन." सेवाग्रामच्या शाळेत मला सोडायला आलास तेव्हा अंगाचा मासळीचा वास जावा म्हणून राखेनं घासून आला होतास. मान आणि कोपरं सोलवटून लाल झाली होती. प्रार्थनेच्या वेळी तू सगळ्यांच्या मागे उभा होतास. बसायला सांगितलं तरी बसला नाहीस. मी मागे वळून पाहिलं तर तू माझ्याकडे बघतही नव्हतास, झाडावरच्या माकडांकडे बघत होतास.

मी शिकून नालवाडीच्या शाळेत मास्तरीण झाले आणि सुट्टीत घरी येऊन पहिल्याच दिवशी म्हणाले, मी मासे खाणार नाही. वैनीनं ताट मागे घेतलं. तू घेतलं नाहीस.

"काऊन?"

"जीव आहे त्यांना."

"आजवर तुह्या पोटात गेले त्यायले नव्हता? तू सुतावर वाढली का वं?"

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तू मला डोंग्यात घेतलंस. तो मोठा शिवडा मासा गळाला लागला तो दिवस. गळ त्याच्या जबड्यातून डोळ्यापाशी निघाला होता. तू त्याला आत ओढलंस तेव्हा तो लांबीनं माझ्या बरोबरीचा वाटला, आणि त्याच्या शेपटीच्या फटक्यानं बांबू माझ्या हातातून उडाला. तू त्याच्या डोक्यात दांडका घातलास. एक, दोन, मी मोजायचं सोडलं. माझ्या पांढऱ्या खादीच्या लुगड्यावर गळ्यापासून पायापर्यंत रक्त उडालं. तू धापा टाकत माझ्याकडे पाहिलंस.

"अर्धा मारून ठेवला तं तासभर तडफडते," तू म्हणालास. "जोरानं मारनं म्हंजे दया हाय, वच्छे. तुह्या गुरुजीले सांगजो."

मी सांगितलं नाही.

आता नामाचं. नामा म्हणजे तुझा लहानपणचा जोडीदार, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण तुमचं प्रेम कुस्तीचं होतं हे मला माहीत आहे. तुम्ही नदीच्या रेतीत एकमेकांना आपटायचात आणि मग एकाच पानावर भाकर खायचात. पुढे तो विहिरींना सुरुंग लावायच्या कामाला लागला. गावोगाव फिरायचा, आला की आपल्याकडे उतरायचा, आणि त्याच्या कपड्यांना दारूगोळ्याचा वास यायचा म्हणून वैनी त्याचं अंथरूण अंगणात टाकायची.

मग धरणाखालच्या डोहाचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला. त्याला जाळी टाकत बसायला वेळ नव्हता. त्यानं नामाला बोलावलं.

पहिला सुरुंग उडाला तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होते, आपण घाटावर होतो. आवाज मोठा नव्हता. जमिनीच्या पोटात कुणी धपकन पडावं तसा. थोड्या वेळानं पाण्यावर पांढरं दिसायला लागलं. मोठे मासे, लहान मासे, बोटाएवढी पिलं, बेडूक, एक कासव, सगळे पोट वर करून. कल्ल्यांतून रक्ताचे धागे. ठेकेदाराची माणसं मोठे तेवढे वेचत होती. बाकीचं वाहत आपल्या पायापाशी आलं. तू एक मासा उचललास. गाभोळीनं भरलेला होता आणि आतून फुटला होता. तुझ्या बोटांतून अंडी गळत होती. तो तसाच हातात धरून तू चालत निघालास आणि मी मागे धावले.

"नामा, हे काय करून राह्यला?"

"काम करून राह्यलो." नामानं तुझ्याकडे पाहिलं नाही. "डोह त्यायचा हाय. मी मजूर."

"पुढच्या साली काय मारशीन? खडक?"

"पुढच्या साली दुसरा डोह."

तू तो फुटका मासा त्याच्या तोंडावर मारलास. पुढचं फार वेळ चाललं नाही, पण मला ते अजून तुकड्यातुकड्यानं दिसतं. तुझं डोकं त्याच्या तोंडावर. त्याचे पुढचे दात रेतीत. त्यानं तुझ्या कानाला घेतलेला चावा. तुम्ही दोघं लहानपणी जिथे लोळायचात त्याच रेतीत लोळत होतात, फक्त आता कुणी हसत नव्हतं. मग ठेकेदाराची माणसं लाठ्या घेऊन आली. तुझ्या बरगड्या मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, वाळकी तुरकाठी मोडावी तसा. मी मधे पडले तर मला एकानं केसांना धरून बाजूला फेकलं. तेव्हा नामाच ओरडला, रक्तानं भरल्या तोंडानं, "बाईले हात नोको लावू बे!" तू हे ऐकलं नसशील. तू शुद्धीत नव्हतास.

मी तुला हळदीचा लेप लावून बांधलं. महिनाभर तुला धड श्वास घेता येत नव्हता. तेव्हा मी म्हणाले, आपण गावातल्या सगळ्या ढिवरांना घेऊन डोहाच्या काठी बसू. उपास करू. हात उचलायचा नाही, उठायचंही नाही.

तू हसलास आणि हसता हसता बरगड्या धरून कण्हलास. "मासे बी बसतीन का तुह्यासंगं उपासाले?"

मला राग आला. मी म्हणाले, "तुझ्यात आणि त्या सुरुंगात फरक काय आहे? वात लागली की उडायचं, समोर कोण आहे ते पाहायचं नाही."

तू हसायचा थांबलास. भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं झोपलास. पण वैनी नंतर म्हणाली की तू दोन दिवस तिला विचारत होतास, "वच्छी म्हंते ते खरं हाय का वं?" तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. आपलं भांडण तिथेच राहिलं, दादा. तू मला उत्तर देणार होतास, मला ठाऊक आहे, कारण तू कुणाचं काही ठेवून घेत नसायचास.

आणि मग ती सकाळ.

रूळ वाजला तेव्हा आपण नेहमीच्या खडकाआड होतो. तुझ्या छातीला अजून पट्टा होता आणि मी नको म्हणत असताना तू डोंगा काढला होतास. खडकाच्या कडेनं मान काढून तू पाहिलंस. पलीकडच्या काठावर, दरडीखालच्या कपारीवर नामा एकटा उभा होता. मासे लोंढ्याला वर येणार हे त्याला तुझ्याइतकंच कळत होतं. त्यानं वात पेटवली होती.

तू खडकाला पाय देऊन डोंगा डोहात लोटलास.

"दादा, रूळ वाजला!"

"आयकू आला."

एवढंच. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. आयकू आला.

डोंगा मधोमध आला. मी बांबू घेऊन उभी, तू पुढे भाला घेऊन. नामानं आपल्याला पाहिलं. त्याच्या हातात सुरुंगाची कांडी, हात वर केलेला, तोंड उघडं. तो काहीतरी ओरडत होता. वरून धरणाच्या पाण्याचा घरघराट सुरू झाला होता, शब्द कळत नव्हते. आपल्याला दोघांनाही वाटलं तो आपल्यावर फेकतोय. तू शिवी दिलीस. मग तो अर्धवट वळला आणि ती त्याच्या हातातच फुटली.

मला आवाज ऐकू आला नाही. कानात फक्त शीळ. नामा कपारीवरून पाण्यात पडला होता आणि त्याच्याभोवती पाणी लाल होत होतं. तू भाला टाकून उडी मारलीस.

गावानं इथूनच गोष्ट धरली आहे. श्रावणनं उडी मारली, वैऱ्याला वाचवलं. पण मी पाहत होते, दादा. तू दोन्ही हातांनी त्याचा गळा धरलास आणि त्याला खाली दाबलंस. तुझे खांदे पाण्याबाहेर होते आणि त्यांत सगळा जोर होता. त्याचा उरलेला हात तुझ्या तोंडावर आपटत होता. दुसऱ्या हाताचं जे राहिलं होतं तेही आपटत होतं, आणि तुझ्या गालावर, कपाळावर त्याचं रक्त. मी ओरडत होते, "सोड त्याला! दादा, सोड!" तू सोडलं नाहीस. शिवड्याला मारताना तुझा जो चेहरा होता तो तेव्हा नव्हता. असा चेहरा मी तुझ्यावर आधी कधी पाहिला नव्हता, आणि तो मला विसरता आला असता तर बरं झालं असतं.

मग वळणावर लोंढ्याचं पाणी दिसलं. तू मान वर केलीस. कपारीचा खडक तुझ्यापासून दोन हातांवर होता. तुझ्यासारख्या पोहणाऱ्याला दोन हात म्हणजे काय? तू खडकाकडे पाहिलंस. नामाकडे पाहिलंस. तो आता धडपडत नव्हता.

आणि तुझा एक हात त्याच्या गळ्यावरून निघून केसांत गेला. दुसरा काखेखाली. तू त्याला वर घेतलंस आणि पाय मारत डोंग्याकडे आणलंस. बरगड्या मोडलेल्या छातीनं त्याला डोंग्याच्या काठावर चढवलंस. मी त्याचे केस धरून ओढलं. त्याचा अर्धा भार माझ्या मांडीवर आला, आणि तू खालून त्याचे पाय ढकललेस. तुझा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी तुझं मनगट धरायला हात पुढे केला तेवढ्यात पाणी आलं.

डोंगा उचलला गेला, गरगरला, आणि खाली गोट्यांच्या बेटावर उपडा आपटला. मी शुद्धीवर आले तेव्हा नामा माझ्या पायांवर आडवा होता आणि श्वास घेत होता. तू नव्हतास.

दारं पाडल्यावर, नदी पुन्हा उतरल्यावर, तू घाटाच्या खाली करंजाच्या मुळ्यांत सापडलास. वैनीला मी तुझं तोंड पाहू दिलं नाही. ती माझ्याशी झगडली, मला बोचकारलं, माझ्या दंडाला दातांनी धरलं. तरी पाहू दिलं नाही. ते माझं मी पाहिलं आहे, तेवढं पुरे.

तेराव्यानंतर मी वर्ध्याला निघाले. सरकारी दवाखान्यात नामा होता. पिशवीत मासे कापायची सुरी ठेवली. का ठेवली ते मला विचारू नकोस. इतकी वर्षं प्रार्थना म्हटली, सूत कातलं, मुलांना शिकवलं, आणि ती सुरी मी धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवली. वैनीनं पाहिलं. ती चुलीपुढे बसली होती. उठली नाही, अडवलं नाही. फक्त म्हणाली, "जाय. पन जे विचारायचं ते विचारून घेजो पहिले."

नामा कोपऱ्यातल्या खाटेवर होता. उजवा हात कोपरापासून नाही. एका डोळ्यावर पट्टी, चेहऱ्यावर सगळीकडे काळे ठिपके. मला पाहून उठायला गेला आणि नसलेल्या हातावर भार देऊन कलंडला. मी सावरलं नाही.

"आमच्यावर फेकनार होता न तू?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात आपली बोली आपोआप आली.

त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नाही असं वाटलं.

"तुमच्यावर?" तो म्हणाला. "अवं, तुमी खडकाआड होते, मले काय मालूम? मी वात पेटवली अन् डोंगा समोर आला. तू उभी होती त्यात. डोहात फेकली असती तं डोंग्याच्या चिंध्या झाल्या असत्या. मी बोंबलून राह्यलो होतो, मांगं फिरा, मांगं फिरा. मंग मांगच्या दरडीकडं फेकाव म्हनून वळलो. वात आखूड होती."

खाटेची कड मी दोन्ही हातांनी धरली होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता.

नामा उशीवर मागे टेकला. मग त्यानं छताकडे पाहत विचारलं, "वच्छला, एक सांग. तो मले मारून राह्यला होता का काढून राह्यला होता?"

मी खोटं सांगू शकले असते, दादा. दोन्ही बाजूंचं खोटं माझ्याजवळ तयार होतं. एक सांगितलं असतं तर तो सुखानं जगला असता, दुसरं सांगितलं असतं तर जन्मभर जळला असता.

"पहिले मारत होता," मी म्हणाले. "मंग काढला."

त्यानं मान हलवली. "मले बी तसंच वाटलं," म्हणाला, आणि त्याच्या पट्टीखालून पाणी यायला लागलं. मी पिशवी उचलली आणि निघाले. सुरी फडक्यातच होती. हे वैनीखेरीज कुणाला माहीत नाही.

म्हणजे बघ, तुला जे माहीत नव्हतं ते हे. त्यानं आपल्यासाठी हात दिला होता. तू ज्याचा गळा दाबत होतास त्यानं क्षणापूर्वी तुला आणि मला वाचवलं होतं. वाटभर मी हाच विचार करत आले की हे तुला कळलं असतं तर तू त्या पाण्यात काय केलं असतंस, कुणाला शिवी दिली असतीस. मी तुला विचारलं होतं ना, तुझ्यात आणि सुरुंगात फरक काय? मला वाटलं आता तुझ्यावर ते आणखीच उलटतंय. समोर कोण आहे ते तू खरंच पाहिलं नव्हतंस.

घरी आले. वैनी अजून चुलीपुढेच होती. मी सगळं सांगितलं. गळा दाबल्याचंही सांगितलं, पहिल्यांदाच. तिनं लाकूड मागे ओढलं, ऐकत राहिली. नामाच्या हाताचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"म्हंजे त्यायले हे काईच मालूम नव्हतं," ती तुझ्याबद्दल म्हणाली.

"नाही."

"वैरीच समजून होते."

"हो."

"तरी काढला त्यायनं."

मग ती जमिनीवर दोन्ही मुठी आपटत, तू गेल्यापासून पहिल्यांदा, गाव जमा होईल इतक्या मोठ्यानं रडली.